विश्लेषण : राजाच खुनी असेल तर दाद कोणाकडे मागायची? चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी सूडनाटकांतील नैतिक पेच काय होता?

मुलाचा खून झाला आहे. खुनी कोण, हे बापाला कळले आहे. बाप स्वतः राजदरबारातील न्यायाधिकारी आहे. इतरांच्या खटल्यांचा निवाडा करणे हे त्याचे रोजचे काम. पण खुनी निघाला राजाचा पुतण्या, आणि बापाची फिर्याद राजाच्या कानापर्यंत पोहोचूच दिली जात नाही. अशा बापाने काय करावे? देवावर भरवसा ठेवून गप्प बसावे की हातात सुरा घ्यावा?

‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ या नाटकाने १५८०च्या दशकात लंडनच्या प्रेक्षकांसमोर हा प्रश्न ठेवला. पुढची तीसेक वर्षे इंग्रजी रंगभूमी पुन्हा पुन्हा याच प्रश्नाकडे वळत राहिली. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ही याच परंपरेतले. प्रबोधनकाळातील या सूडनाटकांमधील नैतिक पेच नेमका काय होता आणि तो त्या काळातील लोकांना इतका जवळचा का वाटला, याविषयी...

सूडनाटक म्हणजे काय?

साधारण १५८७ ते १६२० या काळात इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या, सूड हाच कथेचा कणा असलेल्या शोकांतिकांना अभ्यासक ‘सूडनाटके’ म्हणतात. त्यांचा साचा ठरलेला असे. सुरुवातीला एक खून होतो, तोही बहुतेक वेळा गुपचूप. मृताचे भूत येते किंवा एखादे पत्र मिळते. नायकावर सूडाची जबाबदारी येऊन पडते. तो साशंक होतो, वेळ काढतो, वेडाचे सोंग घेतो किंवा खरोखर भ्रमिष्ट होतो. शेवटी दरबारातील एखाद्या समारंभात रक्तपात होतो आणि त्यात नायकही मरतो.

या साच्याचे मूळ प्राचीन रोममध्ये होते. रोमन तत्त्वज्ञ आणि नाटककार सेनेका याच्या शोकांतिका इंग्लंडमधील शाळांत लॅटिनमधून शिकवल्या जात. १५८१ मध्ये त्यांचे इंग्रजी अनुवाद एकत्रित पुस्तकरूपाने आले. भुते, रक्तपात आणि लांबलचक स्वगते हे सारे तिथलेच. मात्र सेनेकाच्या जगात ख्रिस्ती धर्म नव्हता. लंडनच्या प्रेक्षकाच्या जगात तो होता आणि खरा पेच तिथूनच सुरू झाला.

पेच नेमका कोणता?

त्या काळातील इंग्रज माणसाला सूडाबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जात होत्या.

पहिली गोष्ट धर्माची. सूड घेणे हा देवाचा अधिकार आहे, माणसाने तो आपल्या हाती घेऊ नये, असे बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्र बजावते. त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात राज्यकर्ता हा देवाचा सेवक असून गुन्हेगाराला शिक्षा देणे हे त्याचे काम आहे, असे म्हटले आहे. म्हणजे देवाचा न्याय पृथ्वीवर राजा आणि त्याचे न्यायाधीश यांच्यामार्फत होतो, अशी ही मांडणी.

दुसरी गोष्ट कायद्याची. खून कोणत्याही कारणाने केला तरी तो खूनच. नातलगाचा जीव गेला, हा बचाव होऊ शकत नव्हता. मृताच्या विधवेला किंवा वारसाला खुन्याविरुद्ध स्वतः फिर्याद लावण्याची सोय इंग्रजी कायद्यात होती आणि ती १८१९ पर्यंत टिकली. पण राजावर खटला कोण भरणार?

तिसरी गोष्ट इभ्रतीची. बापाच्या खुनाकडे काणाडोळा करणारा मुलगा भ्याड ठरे. उमराव घराण्यांत द्वंद्वयुद्धांचे प्रस्थ एवढे वाढले, की १६१४ मध्ये राजा जेम्स (पहिला) याला त्याविरोधात जाहीरनामा काढावा लागला.

एरवी या तीन गोष्टींची सांगड घालता येत असे. न्यायालय नीट चालत असेल, तर इभ्रत सांभाळायला सुऱ्याची गरज नाही. पण न्याय देणाराच गुन्हेगार असेल किंवा तो बहिरा झाला असेल, तर ही सांगड तुटते. सूडनाटके नेमकी इथे सुरू होतात.

तत्त्वज्ञ आणि कायदेपंडित फ्रान्सिस बेकन याच्या १६२५च्या निबंधसंग्रहात सूडावर एक छोटा निबंध आहे. माणसाच्या मनात सूड रानासारखा माजतो आणि कायद्याने तो उपटून काढला पाहिजे, असे तो म्हणतो. पण याच निबंधात तो एक सवलतही देतो. ज्या अन्यायावर कायद्याकडे इलाजच नाही, त्याचा सूड त्यातल्या त्यात सहन करण्याजोगा आहे, असे त्याचे म्हणणे. बेकन हा काही काळ सरकारचा महाधिवक्ता होता आणि त्याने द्वंद्वयुद्धांविरुद्ध खटलेही चालवले होते. अशा माणसालाही ही फट मान्य करावी लागली.

सरकारनेच घेतली होती सूडाची शपथ?

हा पेच केवळ रंगमंचापुरता नव्हता. १५८४ मध्ये नेदरलँड्सचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची हत्या झाली. राणी एलिझाबेथ (पहिली) हिच्याही जिवावर कट शिजत होते. तेव्हा राणीच्या मंत्रिमंडळाने एक प्रतिज्ञापत्र तयार केले. राणीवर हल्ला झाला, तर हल्लेखोराला आणि ज्याला गादी मिळावी म्हणून हल्ला झाला त्यालाही आम्ही ठार करू, अशी ती शपथ होती. देशभरातील हजारो लोकांनी त्यावर सह्या केल्या.

खासगी सूड पाप आहे, असे प्रवचनांतून सांगणाऱ्या राज्यात सरकारच लोकांकडून सूडाची शपथ घेत होते. ही विसंगती लगेच लक्षात आली. १५८५ मध्ये संसदेने कायदा करून या शपथेला चौकशीची आणि न्यायनिवाड्याची अट जोडली. याच कायद्याखाली स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिच्यावर खटला चालला आणि १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. जवळपास याच काळात ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ रंगमंचावर आले.

न्यायाधीशच दाद मागतो तेव्हा...

थॉमस किडच्या या नाटकाचा नायक हिरोनिमो हा स्पेनच्या दरबारातील न्यायाधिकारी. त्याचा मुलगा होरेशिओ आणि राजाची पुतणी बेल-इम्पेरिया यांचे एकमेकांवर प्रेम आहे. राजाला मात्र तिचे लग्न पोर्तुगालचा राजपुत्र बाल्थझार याच्याशी लावून दोन देशांत तह पक्का करायचा आहे. बेल-इम्पेरियाचा भाऊ लोरेन्झो आणि बाल्थझार मिळून होरेशिओला मारतात आणि त्याचे प्रेत हिरोनिमोच्याच बागेत टांगतात.

बेल-इम्पेरिया रक्ताने लिहिलेले पत्र पाठवून खुन्यांची नावे कळवते. हिरोनिमोची पहिली प्रतिक्रिया न्यायाधीशाचीच आहे. हा सापळा तर नसेल? पुरावा कुठे आहे? तो थांबतो. पुढे लोरेन्झोचा एक नोकर दुसऱ्या खुनात सापडतो आणि हिरोनिमोच त्याला फाशी सुनावतो. त्या नोकराच्या खिशातील पत्रातून बेल-इम्पेरियाच्या आरोपाला दुजोरा मिळतो. आता पुरावा हातात आहे. हिरोनिमो राजाकडे धाव घेतो, पण लोरेन्झो त्याला बोलूच देत नाही. हा म्हातारा भ्रमिष्ट झाला आहे, असे भासवतो. इतरांना न्याय देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक सुनावणी मिळत नाही.

यानंतरच्या एका स्वगतात हिरोनिमो हातात पुस्तक घेऊन येतो. सूड देवाचा आहे, या धर्मवचनाने तो सुरुवात करतो. पण हातातले पुस्तक सेनेकाचे आहे. ते उलट सांगते, की एका गुन्ह्यापुढे दुसरा गुन्हा करणे हाच सुरक्षित मार्ग. एकाच स्वगतात बायबलपासून सेनेकापर्यंतचा प्रवास होतो आणि शेवटी निर्णय सूडाच्या बाजूने लागतो.

पुढे शाही लग्नाच्या निमित्ताने हिरोनिमो एक नाटक बसवतो. त्यात लोरेन्झो, बाल्थझार आणि बेल-इम्पेरिया भूमिका करतात. नाटकातले खून खरेच होतात आणि समोर बसलेले राजे अभिनय छान झाला म्हणून कौतुक करतात. बेल-इम्पेरिया स्वतःच्या हाताने बाल्थझारला मारते आणि स्वतःही मरते. हिरोनिमो इथेच थांबत नाही. चौकशीत तोंड उघडावे लागू नये म्हणून तो स्वतःची जीभ चावून तोडतो. जबाब लिहून घेण्यासाठी लेखणी दिली जाते. तिला टोक करायला तो चाकू मागतो आणि त्याच चाकूने लोरेन्झोच्या बापाला भोसकून स्वतःचाही जीव घेतो. लोरेन्झोच्या बापाचा या खुनाशी काहीही संबंध नव्हता. उलट त्याने हिरोनिमो आणि लोरेन्झो यांच्यात समेट घडवण्याचा प्रयत्न केला होता.

हे नाटक प्रचंड गाजले. लंडनच्या ‘रोझ’ नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याच्या हिशेबवहीत १५९२ ते १५९७ या काळात त्याच्या २९ प्रयोगांची नोंद आहे.

हॅम्लेटची दिरंगाई की पुराव्याचा शोध?

साधारण १६०० च्या सुमारास शेक्सपिअरने हाच साचा घेतला आणि पेच आणखी अवघड केला. इथे खुनी खुद्द राजा आहे. डेन्मार्कच्या राजाला त्याच्या सख्ख्या भावाने, क्लॉडियसने, मारले आणि गादीबरोबर त्याची राणीही मिळवली. या खुनाचा साक्षीदार कोणीही नाही. राजपुत्र हॅम्लेटला हे सांगणारे एकच, बापाचे भूत.

हॅम्लेट निर्णय घ्यायला वेळ लावतो, म्हणून तो कमकुवत मनाचा, असे अनेकदा म्हटले जाते. पण त्या काळच्या प्रेक्षकाला त्याची शंका रास्त वाटली असावी. मेलेल्या माणसाचा आत्मा पापक्षालनासाठी काही काळ यातना भोगतो, ही जुनी कॅथलिक समजूत इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चने १५७१ मध्ये अधिकृतपणे नाकारली होती. मग बापाच्या रूपात आलेले हे भूत कोण? तो सैतानही असू शकतो. शिवाय हॅम्लेट विटेनबर्गचा विद्यार्थी आहे आणि हे मार्टिन ल्यूथरचे विद्यापीठ. भुताच्या सांगण्यावरून माणूस मारायचा आणि भूत खोटे निघाले तर? म्हणून तो खुनाच्या प्रसंगाशी मिळतेजुळते नाटक राजासमोर करवून घेतो आणि राजाचा चेहरा पाहतो. हा एक प्रकारे पुरावा गोळा करण्याचाच प्रयत्न.

पुरावा मिळतो. लगेच संधीही मिळते. क्लॉडियस एकटा गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो. हॅम्लेट तलवार काढतो आणि परत म्यान करतो. हे दयेपोटी नाही. प्रार्थनेत मेला तर तो स्वर्गात जाईल, म्हणून त्याला एखादे पाप करताना गाठायचे, असा त्याचा हिशेब आहे. न्याय मागणारा माणूस इथे शत्रूच्या आत्म्यालाही नरकात पाठवू पाहतो. जिथे प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहायला तयार असतो, तिथेच त्याला दचकायला होते.

पुढच्याच प्रसंगात हॅम्लेट पडद्याआड लपलेल्या पोलोनियसला राजा समजून ठार करतो. आता पोलोनियसचा मुलगा लाएर्टीस बापाच्या खुनाचा सूड घ्यायला परततो. हॅम्लेट जितका न्याय्य, तितकाच लाएर्टीसही. सूड घ्यायला निघालेला नायक दुसऱ्याच्या सूडाचे लक्ष्य होतो. अखेरीस लाएर्टीस मरताना राजाचे कारस्थान सगळ्यांसमोर उघड करतो आणि हॅम्लेट राजाला मारतो. तरीही दरबारी मंडळी राजद्रोह झाल्याचीच ओरड करतात.

सूड घेणारा जगत का नाही?

१६०७ मध्ये छापल्या गेलेल्या ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ने हा प्रश्न अगदी टोकाला नेला. हे नाटक पूर्वी सिरिल टर्नरच्या नावावर होते. आता बहुतेक अभ्यासक ते थॉमस मिडलटनचे मानतात. नायक विंडिची याच्या प्रेयसीने म्हाताऱ्या ड्यूकला नकार दिला म्हणून ड्यूकने तिला विष घालून मारलेले असते. विंडिची तिची कवटी जपून ठेवतो. नऊ वर्षांनी तो त्या कवटीला स्त्रीचा वेश चढवतो, तोंडाला विष लावतो आणि अंधारात ड्यूकला तिचे चुंबन घ्यायला लावतो.

शेवटी सत्ता अँटोनिओ या सज्जन वृद्धाच्या हाती येते. त्याच्या पत्नीवरही ड्यूकच्या कुटुंबातील एकाने अत्याचार केलेला असतो. विंडिची अभिमानाने सांगतो, की ड्यूकला आम्हीच मारले. आभार मानण्याऐवजी अँटोनिओ त्याला आणि त्याच्या भावाला मृत्युदंड देतो. आज त्याला मारणारे उद्या मलाही मारतील, असा त्याचा विचार. नव्या राज्याला सूड घेणाऱ्याचा उपयोग झाला, पण त्याला सोबत ठेवणे परवडणारे नव्हते.

सूड न घेणारा नायक आहे का?

आहे. १६११ मध्ये छापलेल्या सिरिल टर्नरच्या ‘द एथिस्ट्स ट्रॅजेडी’मध्ये नायक शार्लमाँच्या बापाचा खून त्याचाच काका करतो. इथेही बापाचे भूत येते, पण मागणी उलटी करते. धीर धर, सूड देवावर सोड, असे ते बजावते. शार्लमाँ ऐकतो. शेवटी त्याचाच शिरच्छेद करण्यासाठी काका स्वतः कुऱ्हाड उचलतो आणि ती चुकून त्याच्याच डोक्यावर बसते. नायक जिवंत राहतो, त्याला वारसा आणि प्रेयसीही मिळते.

धर्माच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे. पण त्यासाठी नाटककाराला कुऱ्हाड चुकवावी लागली. कुऱ्हाड चुकली नसती तर काय, याचे उत्तर हे नाटक देत नाही. ‘हॅम्लेट’ आजही जगभर होते, ‘द एथिस्ट्स ट्रॅजेडी’ क्वचितच होते. यामागील एक कारण हेही असावे.

कथा परदेशातच का घडतात?

स्पेन, इटली, डेन्मार्क. बहुतेक सूडनाटके इंग्लंडबाहेर घडतात. इंग्लंडमध्ये प्रत्येक नाटकाला राजदरबारातील अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागे. १५७० मध्ये सरकारने बंडखोरीविरुद्ध एक दीर्घ प्रवचन तयार करून ते चर्चमधून वाचायला लावले. राजा दुष्ट असला तरी प्रजेने शस्त्र उचलू नये, प्रार्थना करावी, असे त्याचे सार. अशा वातावरणात ‘राजाच खुनी असेल तर?’ हा प्रश्न लंडनच्या राजवाड्यात घडताना दाखवणे धोक्याचे होते. कॅथलिक स्पेन किंवा इटलीतील भ्रष्ट दरबार दाखवणे सोयीचे होते. प्रेक्षकाला जे समजायचे ते समजत असे.

अभ्यासकांचे म्हणणे काय?

प्रेक्षक नायकाच्या बाजूने होता की विरोधात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फ्रेडसन बॉवर्स यांनी १९४० मधील आपल्या ग्रंथात धर्म आणि कायद्याची अधिकृत भूमिका एकीकडे आणि रक्ताच्या नात्याच्या कर्तव्याबद्दल लोकांना वाटणारी सहानुभूती दुसरीकडे, असा ताण दाखवला. एलिनॉर प्रॉसर यांनी १९६७ मध्ये याला आव्हान दिले. त्या काळच्या प्रेक्षकाला सूड अनैतिकच वाटत असणार आणि हॅम्लेटच्या बापाचे भूतही त्याला संशयास्पद वाटले असणार, असे त्यांचे म्हणणे. मात्र प्रवचन ऐकणारा आणि नाट्यगृहात गर्दी करणारा माणूस एकच होता, हे विसरून चालत नाही. त्याला दोन्ही बाजू पटत असणे अशक्य नाही.

मराठी रंगभूमीशी नाते काय?

‘हॅम्लेट’चे मराठी भाषांतर गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘विकारविलसित’ या नावाने केले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये आगरकर आणि टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्याच काळात आगरकरांनी या भाषांतरावर काम केले आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दरबारातील अन्यायाविरुद्ध लिहिल्याबद्दल शिक्षा भोगणाऱ्या संपादकाने दरबारातील खुनाचे नाटक मराठीत आणावे, हा योगायोग बोलका आहे. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. २०१८ मध्ये नाना जोग यांच्या भाषांतरावर आधारित ‘हॅम्लेट’ चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा रंगमंचावर आले. त्यात सुमीत राघवन हॅम्लेटच्या भूमिकेत होते.

मग या नाटकांचे उत्तर काय?

सूड योग्य की अयोग्य, याचे सरळ उत्तर ही नाटके देत नाहीत. पण एक गोष्ट ती ठामपणे दाखवतात. सूड घेणारा माणूस जन्मतः क्रूर नसतो. हिरोनिमो न्यायाधीश आहे, हॅम्लेट विद्यार्थी आहे. दोघेही आधी पुरावा शोधतात आणि दाद मागण्याचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर शस्त्राकडे वळतात. या दोषात दरवाजे बंद करणाऱ्यांचाही वाटा आहे. आणि शस्त्र हाती आल्यावर मात्र ते नेमक्या गुन्हेगारापुरते राहत नाही. पोलोनियस मरतो, लोरेन्झोचा बाप मरतो.

‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’त एक छोटा प्रसंग आहे. काही सामान्य माणसे आपली कागदपत्रे घेऊन हिरोनिमोकडे येतात. हा न्यायाधीश आपले गाऱ्हाणे ऐकेल, अशी त्यांना आशा आहे. त्यांच्यात बाझुल्टो नावाचा एक म्हातारा आहे, त्याच्याही मुलाचा खून झाला आहे. त्याचा अर्ज वाचून हिरोनिमोला स्वतःचेच दुःख समोर उभे दिसते. त्याचा तोल जातो आणि तो बाकीच्यांची कागदपत्रे दातांनी फाडून टाकतो. ती माणसे आपल्या कागदांसाठी गयावया करत राहतात.

त्यांच्या खटल्यांचे पुढे काय झाले, हे नाटकात कुठेच येत नाही.